अमावस्येचं दूध

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या तक्रारी तर पोत्याने पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. दुधाचं ते प्रकरण मात्र मनातून जायला तयार नाही. त्यात रक्त सांडलं नाही, कोणी फरार झालं नाही, वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळी दिल्या आणि विषय संपवला. तरी कोणी म्हणालं, ‘साहेब, एखादी केस सांगा,’ की माझ्या तोंडी तीच येते.

मी तेव्हा जुनी इंदूरकडच्या एका ठाण्यात टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रभारी. सकाळी हजेरी झाली होती. मुंशीजी, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, रोजनामचा लिहीत होते आणि मी आदल्या दिवसाच्या तक्रारी वाचत होतो. तेवढ्यात एक बाई आत आल्या. सत्तरीच्या घरात, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. ठाण्यात पहिल्यांदा येणारा माणूस दारात थबकतो, इकडेतिकडे बघतो. या सरळ माझ्या टेबलापाशी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“टीआय साहेब, मी केमिस्ट्रीवाली आहे. सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झाले. आमच्या गल्लीत एक माणूस दुधातून रेडिएशन काढून देतो म्हणून फिरतोय. तुम्ही बस एक वेळा येऊन बघून घ्या.”

मी म्हणालो, “बाई, निघत नसतं का तसं काही?”

“निघतं ना! हीच तर मुश्किल आहे,” त्या म्हणाल्या. “साफ खोटं असतं तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं.”

इथे थोडं मागचं सांगायला हवं. त्याच्या काही महिने आधी इंदूरबाहेर हातोदच्या बाजूला एका बंद कारखान्यातलं मोजमापाचं जुनं उपकरण भंगारात गेलं होतं. त्यात किरणोत्सारी पदार्थाचा छोटा तुकडा होता. तज्ज्ञ आले, त्यांनी ते शोधून काढलं, जाड कवच शाबूत असल्याचं सांगितलं आणि ते घेऊन गेले. काम चोख झालं होतं. पण शाबूत कवचाची गोष्ट सांगायला कोणाला मजा येते? कारखान्याशेजारच्या गावातल्या म्हशी आता अंधारात चमकतात, इथवर बातमी पोचली. त्याच गावातून आमच्या भागात बंदीचं दूध यायचं. बंदी म्हणजे महिन्याचं ठरलेलं, रोज दाराशी येणारं दूध. आमच्याकडे लोक घरमालक बदलतात, बंदीवाला सहसा बदलत नाहीत.

त्या अफवेच्या पाठोपाठ हा माणूस उगवला होता. मोबाइलवर त्याचा एक व्हिडिओ घरोघरी पोचलेला होता. त्यात तो हातात किरणोत्सार मोजायचं मशीन घेऊन दुधाच्या कॅनपाशी उभा राहतो आणि मशीन टकटक वाजायला लागतं. मग तो स्वतः गल्लीत यायचा. एक लाकडी स्टँड मांडायचा. त्यात डावीकडे एक पातेलं, उजवीकडे एक पातेलं. डावीकडच्या दुधावर मशीन धरलं की टकटक. तेच दूध निळी भुकटी भरलेल्या नळीतून उजवीकडच्या पातेल्यात सोडलं की मशीन गप्प. बायका जागेवर नळी विकत घ्यायच्या, आणि पुष्कळजणी तर बंदीच सोडून द्यायच्या.

“मी त्याला म्हटलं, उजवीकडचं शुद्ध झालेलं दूध परत डावीकडे ठेव आणि लाव मशीन,” बाई म्हणाल्या. “तर म्हणतो, मशीन गरम झालंय माताजी. मग म्हटलं, नुसतं पाणी ठेव. तर त्याने सामानच आवरलं. टीआय साहेब, मशीन खरं आहे. फक्त ते दुधाला वाजत नाही, डाव्या बाजूला वाजतं.”

पस्तीस वर्षांत माझ्याकडे खबरी पुष्कळ आले. इतकी मुद्देसूद खबर देणारी व्यक्ती मला दुसरी आठवत नाही.

दोन दिवसांनी तो पलीकडच्या गल्लीत येणार होता. आम्ही साध्या कपड्यांत गेलो, पंच सोबत घेतले आणि प्रयोग ऐन रंगात असताना त्याला सामानासकट उचललं. ठाण्यात पंचांसमोर स्टँडची फळी उचकटली. डाव्या बाजूला प्लायच्या दोन थरांमध्ये गॅसबत्तीच्या जुन्या जाळ्या चपट्या करून दाबलेल्या होत्या. गॅसबत्तीत दिव्यासारखी पेटते ती पांढरी जाळी. एके काळी वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन माणसं चालायची, त्या बत्त्यांची. बाईंना बोलावलं तर त्यांनी लांबूनच मान डोलावली.

“जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं. जरासं, पण मशीनला पुरे होतं. आणि नळीत काय निघालं?”

नळीत बारीक वाळू होती, आणि दोन फडक्यांच्या मध्ये कपड्यांना घालायची नीळ. दुधाला किंचित निळसर झाक यायची. तो म्हणायचा, शुद्ध दूध असंच दिसतं. इंदूरच्या बायका दुधात चमचाभर पाणी असलं तरी बंदीवाल्याला फैलावर घेतात. त्यांनी नीळ घातलेलं दूध मुकाट्याने मुलांना पाजलं. भीती शिरली की अक्कल आधी बाहेर पडते.

आम्हाला हसू आलं, बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. मी कारण विचारलं.

“याने कुठेतरी खरं ऐकलंय, म्हणून वाईट वाटतं. एक निळं रसायन खरंच आहे, ते सीझियमला धरून ठेवतं. रेझिनचे दाणे असतात, त्यांच्यातून दूध सोडलं की नको ते दाण्यांना चिकटतं आणि दूध पुढे जातं. स्ट्राँशियम काढणं तर फारच किचकट, कारण ते कॅल्शियमच्या वेषात येतं. त्याला काढायला जावं तर कॅल्शियमही जातं. आधी दूध थोडं आंबट करायचं, मग दाण्यांतून सोडायचं, मग परत गोडं करायचं, आणि एवढं करून ते मुलाने प्यायला पाहिजे. जगात कुठे कुठे लोकांनी यासाठी वर्षं घातलीत. का? तर उद्या अपघात झालाच, तर लेकरांच्या तोंडचं दूध जाऊ नये. आणि या माणसाने त्यात नीळ कालवली.”

मी पोलीस माणूस. फसवणूक म्हटली की मला कलमं आठवतात. आपल्या विद्येची कोणी अशी टिंगल केली म्हणून डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या बाईंबद्दल मला जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

नळीची केस तर उभी राहिली. पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी मोपेडवरून ठाण्यात आलं. मोपेडच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ही दूधवाली कारखान्याशेजारच्या त्या गावातून स्वतःच दूध घेऊन शहरात यायची. आमच्या घरची बंदीही तिचीच होती. माझी बायको तिला भाभी म्हणायची.

तिने कॅनचं झाकण उघडून दाखवलं. दूध तसंच होतं. “कोई नी ले, साब,” ती म्हणाली. बंदीची घरं एकेक करत तुटली होती. उरलेलं दूध एक मावावाला, म्हणजे खवा करणारा व्यापारी, त्याला हव्या त्या भावात उचलायचा. म्हशींना पेंड घालणंही परवडेना. दोन म्हशींपैकी तरणी, नुकती व्यायलेली म्हैस पुढच्या महिन्यातल्या हाटाला, म्हणजे गुरांच्या बाजाराला, हातोदला न्यायची, असं घरात ठरलं होतं. हे सांगताना ती रडली नाही. तिने फक्त झाकण परत लावलं आणि ते नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.

आम्ही गावाच्या दुधाचे नमुने तपासायला पाठवले होते. अहवाल आला: दुधात नेहमी असतं त्याहून वेगळं काहीही नाही. मी तो अहवाल गल्लीच्या तोंडाशी लावायला सांगितला. लोकांनी वाचला आणि म्हणाले, “भिया, सरकार तो यही बोलेगी ना!” कारण मोबाइलमधला तो व्हिडिओ अजून फिरतच होता. नळीवाला पकडला गेला म्हणून दूध चांगलं ठरत नव्हतं. नळी खोटी, पण दूध तर खराब आहेच ना, असं लोक म्हणत होते. तो व्हिडिओ खोटा ठरल्याशिवाय हातोदच्या हाटाला जाणारी म्हैस थांबणार नव्हती.

नळीवाल्याची पूछताछ मी स्वतः केली. पूर्वी तो पाण्याचे फिल्टर विकायचा. बोलण्यात तरबेज. मी कधी आरोपीवर हात उचलत नसे, त्यात काही थोरवी नाही. मार खाणारा माणूस सुटकेसाठी काहीही बोलतो आणि मग आपल्यालाच ते निस्तरावं लागतं. बोलक्या माणसाला बोलू द्यावं, हा माझा नियम होता.

“जाळ्या मैंने लगाई, मान लिया,” तो म्हणाला. “गल्लीत दाखवायला लागतं, साब, मार्केटिंग आहे. पण व्हिडिओ सच्चा है. वो दूध उसी गाँव का था. उसमें कोई जाळी-वाळी नहीं थी.”

“कशावरून?”

“अरे साब, व्हिडिओ में मैंने कसम खाई है. सोमवती अमावस का दिन था. अमावस को मैं झूठ नहीं बोलता.”

व्हिडिओ मी पुन्हा लावला. तो खरंच तसं म्हणत होता. कपाळाला टिळा, हात जोडलेले, ‘आज सोमवती अमावस के दिन, इसी गाँव का ताज़ा दूध...’ मागे एक भिंत आणि कॅन, बाकी काही दिसत नव्हतं. कॅन कोणाचा, भिंत कुठली, काही पत्ता लागेना. कॅनखाली जाळी होती हे मला माहीत होतं, पण सिद्ध कसं करायचं? मी पुष्कळ डोकं खाजवलं.

शेवटी भाभीला बयानासाठी, म्हणजे जबाब द्यायला, बोलावलं. विचार एवढाच होता, की भिंत गावातली आहे का ते तिने सांगावं. मुंशीजींनी मोबाइल तिच्यासमोर धरला. ती पदर डोक्यावर ओढून लक्ष देऊन बघत राहिली. मग एकदम हसली. त्या ठाण्यात ती हसेल असं मला वाटलं नव्हतं.

“यो दूध म्हारा गाम को नी हे, साब.”

“भिंत वेगळी आहे का?”

“भींत को म्हाने कई मालम! अमावस का दन म्हारा गाम में दूध वेचेज कुण?”

मग तिने सांगितलं. भिंतीचं तिला ठाऊक नव्हतं, पण त्या गावात अमावस्येला एकही घर दूध विकत नाही, विरजणही लावत नाही. त्या दिवशीचं दूध गावाच्या देवाचं, देवनारायणाचं. घरोघरी खीर होते, देवाला दाखवतात, आल्यागेल्याला वाढतात. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला नेम. मुंशीजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी मुंशीजींकडे. आमच्या घरी अमावस्येला सकाळी भाभी येत नाही, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. पण रोज दारात घडणारी गोष्ट पोलिसाला सर्वांत शेवटी दिसते.

“आणि मावावाला त्या दिवशी दूध मागायला आला नव्हता का?” मी विचारलं.

आला होता. त्याच सोमवारी त्याचा माणूस गाडी घेऊन गावात आला होता. म्हणाला, अफवेने बंद्या तुटायला लागल्याच आहेत, आता रोजचं गिऱ्हाईक मीच, आज दुप्पट भाव देतो. गावातल्या एकाही घराने त्याचा कॅन भरला नाही. भाभीच्या घरी तर तेव्हा पेंडीचं पोतं रिकामं झालेलं होतं.

“का नाही दिलं?” मी विचारलं. खरं तर बयानात या प्रश्नाची गरज नव्हती.

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. “देव को दूध हे, साब. म्हारो व्हे तो दूँ.” देवाचं दूध आहे, माझं असतं तर दिलं असतं, असं म्हणाली आणि बयानावर अंगठा न लावता सावकाश, वळणदार सही केली.

पुढचं सोपं होतं. नळीवाल्याला चहा दिला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याने पुन्हा अमावस्येची शपथ घेतली, तीही पंचांसमोर. मग मी त्याला गावाचा नेम सांगितला. कप त्याच्या हातातच राहिला. मग म्हणाला, “मुझे तो सेठ ने कॅन भरके दिया था. बोला, गाँव का ही है.” अमावस्येला खोटं न बोलणाऱ्या माणसाला अमावस्येनेच पकडलं, आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

सेठ म्हणजे तोच मावावाला. त्याच्या भट्टीवर मी वर्दीत गेलो नाही. पंचांना घेऊन, मावा घेणारं गिऱ्हाईक म्हणून गेलो. मोठमोठ्या कढयांमध्ये दूध आटत होतं. मी जरा नाक मुरडून विचारलं, “सेठजी, दूध कुठलं? आजकाल काय काय ऐकू येतंय.”

सेठजी उसळलेच. “अरे भिया, हातोद साइड का दूध है, एक नंबर! उस गाँव जैसा दूध पूरे जिले में नहीं मिलेगा. बच्चे को पिलाओ, आँख मीच के! सराफ़े में पूछ लो, आधी रबडी अपने माल की है.”

“रेडिएशन-बिडिएशन?”

“काहे का रेडिएशन! सब अफवा है, भिया.”

पंचांनी ऐकलं. मी ओळख दिली. मग सेठजींना आपण कोणतं प्रमाणपत्र देऊन बसलो ते कळलं. अफवा कोणी पेरली, व्हिडिओ कोणी काढवला, बंद्या तोडून गावाचं दूध पडत्या भावात कोणी उचललं, सगळं एका माळेत आलं. आणि गंमत बघा, ज्या लोकांनी त्या दुधाची बंदी तोडली होती, तेच लोक घरच्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन त्याच दुधाची रबडी चाटून पुसून खात होते. तिथे कोणी मशीन लावलं नाही.

दोघंही आत गेले; चालान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात जाऊन शिक्षा पुढे यथावकाश झाली. पोलीस म्हणून माझं काम संपलं होतं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गल्लीतली दारं काही उघडेनात. हाट जवळ येत चालला होता. इथे पुन्हा केमिस्ट्रीवाल्या बाई पुढे आल्या, आणि त्यांनी जे केलं ते कुठल्याही टीआयला सुचलं नसतं.

त्यांनी भाषण दिलं नाही. ओळखीच्यांकडून मशीन मागून आणलं, जुन्या बाजारातून गॅसबत्तीची एक जाळी आणली आणि दुपारी गल्लीतल्या बायकांना आपल्या अंगणात बोलावलं. जाळी एका ताटाखाली ठेवली आणि मशीन बायकांच्याच हातात दिलं. म्हणाल्या, “आता तुम्हीच करा जादू.” बायकांनी ताटात पाणी ठेवलं, मशीन वाजलं. पोहे ठेवले, वाजलं. एकीने सासूबाईंची कवळी ठेवली, तीही वाजली. मग काय, हसून हसून अंगण भरलं. मग बाईंनी जाळी काढून लांब ठेवली, भाभीच्या कॅनमधलं दूध ताटात ओतलं आणि म्हणाल्या, “आता लावा.” मशीन अधूनमधून एखादी टिचकी देत होतं, ती रिकाम्या ताटालाही देतच होतं, तेही बाईंनी लपवलं नाही. “एवढं तर तुमच्या-माझ्या अंगातही असतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी तेच दूध तापवलं, सगळ्यांसमोर चहा केला. पहिला कप त्यांनी घेतला, दुसरा माझ्या बायकोने.

मी दारात उभा राहून बघत होतो. मनात आलं, मी दोन माणसं आत टाकली, या बाईंनी अख्खी गल्ली बाहेर काढली. त्याच आठवड्यात बंद्या परत सुरू व्हायला लागल्या. हाट भरला आणि उठला. भाभीची म्हैस दावणीलाच राहिली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारतात. एक तर हे, की खोट्याला स्वतःचे पाय नसतात, ते खऱ्याच्या खांद्यावर बसून येतं. म्हणून खरं नीट जाणणारी माणसं गावात असावी लागतात, आणि ती गप्प बसणारी असून चालत नाहीत. दुसरं, सचोटी ही मोठी गोष्ट आहे असं आपण समजतो, पण ती ज्याच्यात असते त्याला ती दिसतही नाही. पेंडीचं पोतं रिकामं असताना दुप्पट भाव परत पाठवणाऱ्या त्या बाईला आपण काही विशेष केलं असं तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. तिने त्या सकाळी कॅन भरून दिला असता, तर ते दूध खरंच त्या गावाचं ठरलं असतं, आणि व्हिडिओ मला कधीच खोटा पाडता आला नसता.

भाभीचं दूध आजही आमच्याकडे येतं. आता तिची सून मोपेड चालवते. अमावस्येला मात्र दारात कोणी येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीचं दूध मिळतं, पण मी आणू देत नाही. बायको कुरकुरते, “अहो, इतकं काय त्यात?” आणि माझ्यापुढे काळा चहा ठेवते. मला काळा चहा मुळीच आवडत नाही. तरी त्या दिवशी तो मी शेवटच्या घोटापर्यंत पितो.